राईचा तळ

(भोर येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ. पडद्यावर दाखवलेली छायाचित्रं इथं देता येत नाहीत; त्या जागी थोडा मजकूर वाढवला आहे.)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, त्यांच्या स्मरणाला शोभेल असा मोठा विषय घ्या, असं मला सुचवलं होतं. मी घेतलेल्या विषयाची लांबी एक ते तीन मिलिमीटर आहे. काही मंडळी पाच मिलिमीटरची आहेत, पण ती आमच्यात धिप्पाड समजली जातात.

देवराईत पानं पडतात आणि ती कुणी उचलत नाही. त्या न उचललेल्या पानांच्या थरात जे जगतं, ते मी बरीच वर्षं गोळा करतो, त्याचे फोटो काढतो, चिठ्ठ्या लिहून बाटल्यांत ठेवतो. पोटापाण्याचा धंदा प्राणिशास्त्र शिकवण्याचा होता, म्हणून घरच्यांनी हा नाद चालवून घेतला. त्या थराची ओळख करून द्यायची आहे आणि एक तक्रारही मांडायची आहे. देवराई म्हटलं की आपण सगळे मान वर करतो. उंच झाडं, जाडजूड वेली, दाट सावली. खाली बघायचं राहून जातं.

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या राया अभ्यासल्या गेल्या नाहीत, असं मात्र कुणी समजू नये. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांवर १९७० च्या दशकात लिहायला सुरुवात केली. १९७६ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’त आलेला त्यांचा लेख आजही या विषयातला पहिला धडा मानला जातो. पुढं पुण्याच्या वनस्पती अभ्यासकांनी याच दोन तालुक्यांतल्या राया एकेक करून पाहिल्या. पानशेतच्या पाण्याकडेची शिरकोलीची शिरकाईची राई घ्या. तिथल्या वनस्पतींची नोंद झालेली आहे. आपल्या भोर तालुक्यात नांदघूरला सोमजाईची राई आहे. तिथल्या झाडांनी किती कार्बन साठवला आहे, याचा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध झाला. असा हिशेब झाडाचा घेर आणि उंची मोजून करतात. काम चोख आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात. तिथून खाली घोट्यापर्यंत आणि घोट्याखाली काय चाललंय, हा वेगळाच हिशेब आहे, आणि माझ्या मते राई ओळखायची ती त्यावरून. झाडं तर डांबरी रस्त्याच्या कडेलाही असतात. हातभर खोल पाचोळा मात्र फक्त राईतच सापडतो.

हे असं का, ते तुम्हा मावळातल्या लोकांना सांगायला नको, पण शहरातून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्याकडं भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात. शेणाचा थर, त्यावर झाडाची तोडून वाळवलेली कवळं, त्यावर पाचोळा, गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती. उन्हाळ्यात हे पेटवायचं, म्हणजे तणाचं बी जळतं, राख मिळते, आणि पहिल्या पावसात तिथं रोप जोमानं वर येतं. आता यासाठी पाचोळा लागतो, आणि तो गोळा करायचा तर माळावरून, बांधावरून, जंगलाच्या कडेवरून. फाल्गुन-चैत्रात बायका पाट्या भरभरून पाचोळा आणतात. जे उरतं त्यातलं बरंचसं वणव्यात जातं. त्यामुळं एप्रिलअखेरीस वेल्ह्याच्या पश्चिमेला कुठल्याही डोंगरउतारावर उभं राहिलं, की जमीन उघडी दिसते. राईच्या हद्दीत पाऊल टाकलं की पायाखालचा आवाज बदलतो. तिथला पाचोळा राबाला न्यायचा नाही, कुठं कुठं तर वाळकी काटकीही बाहेर न्यायची नाही, हा नियम. किती पिढ्यांचा, ते कुणाला ठाऊक नाही. एकाच डोंगरावर, एकाच पावसात, तीच जांभळं आणि तेच हिरडे, पण एका बाजूची पानं दरवर्षी जातात आणि दुसऱ्या बाजूची दरवर्षी तिथंच कुजतात. कुठल्या शास्त्रज्ञाला असा प्रयोग मांडता आला असता? आपल्या वाडवडिलांनी तो देवीच्या धाकानं मांडून ठेवला.

या थरात वरून खाली कसं उतरायचं, ते सांगतो. सगळ्यात वर यंदाची पानं. कोरडी, अख्खी, कडा वळलेल्या. इथं कोळी आणि मुंग्या, बाकी फारसं कुणी नाही. ती बाजूला केली, की गेल्या वर्षीची पानं लागतात. ती ओलसर असतात आणि बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली असतात. अंजनीचं चिवट पान इथंही टिकून असतं, मऊ पानांची मात्र नुसती शिरांची जाळी उरलेली. आमचं गाव हेच. त्याच्याखाली काळा, भुसभुशीत, पान होतं हे ओळखू न येणारा थर, आणि मग माती. मधल्या थरातलं एक पान उलटं करून तळहातावर घ्या आणि मनात वीसपर्यंत मोजा. पहिल्या पाच आकड्यांत काहीच दिसणार नाही. मग पानाचा एक ठिपका चालायला लागेल.

तो ठिपका बहुधा स्प्रिंगटेल असतो. लांबी एक-दोन मिलिमीटर, पाय सहा, पंख नाहीत. पोटाखाली एक दुभंगलेला दांडा दुमडून आकड्यात अडकवलेला असतो. धोका जाणवला की आकडा सुटतो, दांडा जमिनीवर आपटतो आणि प्राणी हवेत कोलांट्या घेत कुठंतरी जाऊन पडतो. कुठं पडायचं, यावर त्याचा ताबा बेताचाच, आणि त्याचा त्रास फोटो काढणाऱ्याला होतो. जगात यांच्या नऊ हजारांच्या आसपास जातींना नावं मिळाली आहेत. स्कॉटलंडमधल्या राइनी इथल्या दगडात यांचा चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म सापडला आहे. म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हा होऊन वाहिला, त्याच्या तेहेतीस-चौतीस कोटी वर्षं आधीपासून हे उड्या मारतायत. बुरशी खायची, कुजकं पान कुरतडायचं, बुरशीचं बी अंगावरून इकडून तिकडं न्यायचं, हा त्यांचा उद्योग. समशीतोष्ण जंगलांत एका चौरस मीटरमध्ये हजारोंनी, कधी लाखाच्या घरात, मोजलेत.

जिथं एवढा शिधा तिथं शिकारीही असणारच. दोन मिलिमीटरची स्ट्रुमिजेनिस नावाची मुंगी स्प्रिंगटेलच्या मागावर असते. तिचं डोकं बदामाच्या आकाराचं, पुढं लांब जबडे. ते सताड उघडून ती पावलापावलानं पुढं सरकते, मध्येच थांबते, पुन्हा सरकते. उडी मारणाऱ्याला पकडायचं तर उडी मारण्याआधीच पकडायला हवं. जबडे मिटतात ते डोळ्याला दिसत नाही. आधी उघडे होते, आता त्यात स्प्रिंगटेल आहे, एवढंच कळतं. मी हे भिंगातून पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा श्वास रोखून धरला होता, कारण श्वासानं पान हलतं.

छद्मविंचू याच थरातले. विंचवासारख्या दोन नांग्या पुढं, मागं शेपटी आणि डंख नाही. विष असतं ते नांगीच्या बोटात. हा प्राणी तोंडाजवळून रेशीम काढून स्वतःपुरती बंद खोली विणतो आणि कात टाकेपर्यंत आत बसतो. दूर जायचं असेल तर माशीच्या किंवा भुंगेऱ्याच्या पायाला नांगीनं धरून फुकट प्रवास करतो. एसटी वेळेवर न येणाऱ्या भागात ही सोय पाहून हेवा वाटतो.

मला स्वतःला सर्वांत लोभस वाटतो तो केसाळ पैसा. पैसा म्हटलं की पावसाळ्यात भिंतीवर चढणारा, हात लावला की चकली होणारा प्राणी तुम्हाला आठवेल. हा त्याच्याच नात्यातला, पण दोन-तीन मिलिमीटरचा आणि मऊ. अंगावर राठ केसांच्या ओळी, शेवटी केसांचा झुबका. त्या झुबक्यातल्या केसांच्या टोकाला बारीक आकडे असतात. मुंगी अंगावर आली की हा तिच्याकडं पाठ करतो आणि झुबका तिच्या तोंडावर पुसतो. केस सुटतात, तिच्या मिशांत आणि पायांत गुंततात, आणि मुंगी जितकी झटापट करते तितकी अडकत जाते. हा निघून जातो. गोगलगायी, गोमा, भुईतले भुंगेरे यांची तर यादीच द्यावी लागेल. ती देत नाही. मोठ्यांतलं एकच नाव घेतो, देवगांडूळ. गांडुळासारखं दिसणारं, पण बेडकाच्या वर्गातलं, कणा असलेलं. आपल्याच जिल्ह्यातल्या खंडाळ्याहून याची एक जात एडवर्ड टेलर यांनी १९६० साली जगासमोर आणली. आणि मृगाचा लाल मखमली किडा तर तुम्ही सगळ्यांनी लहानपणी तळहातावर खेळवला असेल. तोही याच थरातला, गोचिडीचा भाऊबंद. या सगळ्या गणगोतात आपल्या ओळखीचा तो एकटाच, कारण तो लाल आहे आणि पहिल्या पावसाबरोबर वर येतो.

आता गोळा करण्याविषयी. पाचोळ्यातले प्राणी वेचून काढायला बसलात तर जन्म जाईल. अंतोनिओ बर्लेसे नावाच्या इटालियन कीटकशास्त्रज्ञानं १९०५ साली यावर उपाय काढला. मोठं नरसाळं, त्यात जाळी, जाळीवर पाचोळा, खाली अल्कोहोलची बाटली. नरसाळ्याच्या भोवती त्यानं गरम पाणी खेळवलं. पाचोळा वरून सुकत जातो, प्राणी ओलाव्याच्या मागं खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेननं १९१८ साली पाण्याऐवजी वर विजेचा दिवा टांगला. शंभर वर्षांत यात फारशी सुधारणा झाली नाही, कारण करायला फारशी जागाच नाही. माझं नरसाळं पाण्याच्या मोठ्या बाटलीचा वरचा भाग कापून केलेलं आहे, जाळी स्वयंपाकघरातल्या जुन्या चाळणीची. अडचण आली ती दिव्याची. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. तापणारा पिवळा बल्ब मागितला की दुकानदार हल्ली, ‘सर, तो आता कोण घेतं?’ म्हणून माझ्याकडंच चौकशी करतो. त्यातही घाई चालत नाही. बल्ब मोठा लावला तर वरचा पाचोळा कडकडीत वाळतो आणि सावकाश चालणारे माइट, म्हणजे मखमली किड्याचे इवले भाऊबंद, खाली पोचण्याआधीच मरतात. चार-पाच दिवस मंद ऊब द्यावी लागते. वीज सतत जाणाऱ्या गावात यापेक्षा विंकलरची कापडी पिशवी बरी. तिच्यात चाळलेला पाचोळा जाळीच्या झोळ्यांत भरून नुसता टांगून ठेवायचा, आणि तो आपसूक सुकत जातो.

पण हे सगळं पुढचं. आधी पाचोळा राईबाहेर न्यायला हवा, आणि राईचा नियम तर नेमका त्याच्या आड येतो! वेल्ह्याच्या पश्चिमेकडल्या एका राईत मी चाळणी घेऊन बसलो होतो. तिथले गुरव येऊन शेजारी टेकले. वय सत्तरीच्या पुढचं. बराच वेळ बघत राहिले.

‘मास्तर, काय हरवलं का?’

मी सांगितलं, किडे बघतोय. भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पान डोळ्याशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ घेतलं. मग म्हणाले, ‘बघा, काय बघायचं ते बघा. पन पान राईतनं भाईर न्यायचं नाय. आमच्या आज्यानं बी कवा नेलं नाय.’

‘आणि किडे नेले तर?’

त्यांनी जरा विचार केला. ‘किड्याचं देवीनं काय सांगितल्यालं नाय. पन इचारून घेऊ.’

देवीला कौल लावला. उजवा कौल मिळाला. त्या दिवसापासून तिथली पद्धत ठरली: पाचोळा जागेवरच, पांढऱ्या कापडावर चाळायचा, वरची पानं जिथली तिथं परत पसरायची, आणि चाळणीखाली पडलेला बारीक चुरा तेवढा न्यायचा. प्राणी निघाले की तो चुराही पुढच्या खेपेला राईत आणून टाकायचा. शास्त्राच्या दृष्टीनं यात काही बिघडत नाही, उलट नमुना आटोपशीर होतो. वनखात्याच्या हद्दीत असेल तर त्यांची परवानगी लागतेच. पण वनखात्याच्या कागदावर शिक्का असला आणि गुरवाचा होकार नसला, तर मी चाळणी पिशवीतून काढत नाही. खात्याचा माणूस दोन वर्षांनी बदलून जातो.

चिठ्ठीबद्दल दोन शब्द सांगतो, कारण नवे लोक इथंच फसतात. बाटलीत प्राण्याबरोबर चिठ्ठी आतच टाकायची: गाव, राईचं नाव, तारीख, उंची, कुठल्या झाडाखाली, कुणी गोळा केलं. पेन्सिलनं लिहायचं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. महिन्याभरात प्राणी जांभळा होतो आणि चिठ्ठी कोरी. चिठ्ठी नसलेला प्राणी कितीही दुर्मीळ असला तरी अभ्यासाला त्याचा उपयोग नाही. तो कुठून आला हे ठाऊक नसेल, तर त्याचं नाव घेऊन करायचं काय?

चिठ्ठी नीट असेल, तर दुसऱ्या खंडात बसलेला माणूसही आपल्या पाचोळ्याबद्दल बोलू शकतो. मुंबई इलाख्यात रॉटन नावाचे वनाधिकारी होते. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीमुळं त्यांचं नाव राहिलं, पण त्याच्या कितीतरी आधी त्यांना मुंग्यांचं वेड होतं. ‘अवर अँट्स’ ही त्यांची लेखमाला सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ साली आली. ते मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडला ऑगस्ट फोरेलकडं पाठवत. फोरेल पेशानं मनोविकारतज्ज्ञ, झुरिकच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख, आणि मुंग्यांचे जगातले मोठे जाणकार. पुढं स्विस नॅशनल बँकेनं हजार फ्रँकच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं, मुंग्यांसकट! पुण्याहून गेलेल्या एका इवल्या मुंगीचं वर्णन फोरेलनी १८९० साली केलं आणि तिला रॉटन यांचं नाव दिलं. आज तिला कार्डिओकोंडिला रॉटनी म्हणतात. वाळक्या पानाच्या घडीत, पोकळ काटकीत ती घर करते. तिच्यात दोन प्रकारचे नर असतात. पंख असलेले उडून जातात, बिनपंखी घरातच राहतात आणि विळ्यासारख्या जबड्यांनी एकमेकांचा जीव घेतात. ही भाऊबंदकी कळायला पुढं शंभर वर्षं जावी लागली. पण त्या मुंगीला नाव मिळालं ते एका वनाधिकाऱ्यानं नमुना नीट पाठवला म्हणून.

आपल्याकडं अशी नजर असलेली माणसं नव्हती, असंही नाही. शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना सह्याद्रीत फिरत. त्यांना गोड्या पाण्यातलं जेलीफिश सापडलं. लोक समुद्राकडं बघत होते, ते डोंगरातल्या ओढ्यात वाकून बघत होते. पुढं ते वनस्पतिशास्त्राकडं वळले, आणि १९४६ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या ज्या संस्थेचे ते पहिले संचालक झाले, तिलाच आज त्यांचं नाव आहे. देवरायांवर लिहिणारे वर्तक याच संस्थेतले.

आता फोटोंकडं वळू. (इथं पडद्यावर चित्रं होती.) साध्या मॅक्रो लेन्सनं प्राणी सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा पडतो. सेन्सर छत्तीस मिलिमीटर रुंद आणि प्राणी एक मिलिमीटर, म्हणजे फोटोत तो कुठं आहे हे बोट ठेवून दाखवावं लागतं. म्हणून चारपट, पाचपट मोठं करणारी लेन्स घ्यायची, किंवा साधी लेन्स उलटी बसवायची. आकार मिळतो, पण खोली जाते. स्पष्ट दिसणारा भाग केसाएवढा जाड उरतो. डोळा स्पष्ट आला तर मिशी धूसर, मिशी आली तर डोळा गेला. मग एकाच प्राण्याचे फोकस जरा जरा सरकवत वीस-तीस फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक रचून एक फोटो करायचा. मेलेल्या प्राण्याला हे जमतं. जिवंत स्प्रिंगटेलनं तीस फोटोंपर्यंत स्थिर राहावं, ही अपेक्षा फारच झाली. फ्लॅशचा झोत बटर पेपरमधून मऊ करायचा, नाहीतर चकचकीत पाठीवर पांढरे डाग पडतात. काही जण प्राणी फ्रीजमध्ये गारठवून फोटो काढतात. ते फोटो मला लगेच ओळखू येतात: पाय अंगाशी ओढलेले, मिशा पडलेल्या. जिवंत प्राण्याच्या मिशा कधीच सारख्या नसतात, एक पुढं, एक बाजूला, काहीतरी चाचपत असते.

डेव्हिड लिटश्वागर या अमेरिकन छायाचित्रकारानं एक घनफुटाची हिरवी धातूची चौकट केली आणि जगातल्या वेगवेगळ्या जागी ठेवली. त्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातला एक कोपराही होता. चौकटीत जे राहतं, जे येतं-जातं, त्या प्रत्येकाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटो काढला. २०१२ साली त्याचं पुस्तक आलं. एक चौकट सोमजाईच्या राईत ठेवली तर काय निघेल, हा विचार मला बरेच दिवस सोडत नाही. चौकट सुताराकडून करून घेता येईल. प्रत्येक प्राण्यामागं बसणारा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न आहे.

कारण फोटोनं नाव कळतंच असं नाही. स्प्रिंगटेलच्या जाती ओळखायच्या तर अंगावरचे केस कुठं आणि किती आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजावं लागतं. कोळ्यांत जननेंद्रियं बघावी लागतात. हल्लीची मुलं मोबाइलला भिंग लावून सुंदर फोटो काढतात, ते सगळ्यांना पाठवतात, आणि खाली कुणीतरी लॅटिन नाव लिहून मोकळा होतो. फोटो आणि बाटली दोन्ही हवीत. बाटलीत रंग उडतो, फोटोत केस मोजता येत नाहीत. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, आणि पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवणारी माणसं आहेत. मॉडर्न कॉलेजचे डॉ. हेमंत घाटे त्यातलेच. २०१३ साली सह्याद्रीतल्या एका नव्या इटुकल्या बेडकाला त्यांचं नाव देण्यात आलं, राओर्चेस्टिस घाटेई. या वंशातल्या बेडकांची पिल्लं पाण्यात पोहत नाहीत. ओल्या मातीत, पाचोळ्यात किंवा पानांवर घातलेल्या अंड्यातून थेट चार पायांचा बेडूक बाहेर येतो. त्यांना डबकं लागत नाही, ओल लागते.

काजव्यांचंही तसंच. मे महिन्याच्या शेवटी आपल्या भागात काजवे बघायला गाड्यांची रांग लागते. लुकलुकणारा काजवा दोन-तीन आठवड्यांचा पाहुणा असतो. त्याआधीचे कित्येक महिने तो अळी म्हणून जमिनीवर, पाचोळ्यात काढतो आणि गोगलगायी खातो. गोगलगायीला चावून विष सोडायचं, तिला आतून पातळ करायचं आणि प्यायचं. अळीही उजेड देते, मंद हिरवट. पावसाळ्यात रात्री बॅटरी बंद करून राईत उभं राहिलं, की पायाजवळ दिसते. गाड्यांमधली माणसं झाडाकडं बघत असतात. झाड ठेवलं, पाचोळा काढला, गोगलगायी गेल्या, तर त्या झाडावर काय लुकलुकणार?

आणि पाचोळा निघतोय. माझी तक्रार इथं आहे. मुंबई-पुण्यात चार पैसे मिळवलेली आपलीच मंडळी श्रद्धेनं देवळाचा जीर्णोद्धार करतात. जुन्या दगडी ओट्यावरच्या देवीला गाभारा, गाभाऱ्यापुढं सभामंडप, मंडपापुढं पेव्हिंग ब्लॉक, कडेनं रोषणाई. झाडाला कुणी हात लावत नाही, देवीचा कोप होईल. पण जत्रेआधी दहा मुलं झाडू घेऊन राई ‘स्वच्छ’ करतात, पाचोळा ढीग करून पेटवतात, आणि त्याचे फोटो अभिमानानं लावतात. झाडं मोजणारा सरकारी माणूस आला तर त्याच्या वहीत राई जशीच्या तशी आहे. अशाच एका राईत मी आधी चाळणी लावलेली होती आणि नंतरही लावली. नंतरच्या बाटलीत दोन जातींच्या मुंग्या होत्या, त्याही घरात येणाऱ्या, साखरेवरच्या.

याविषयी मी एका गावच्या बैठकीत बोललो. तरुण मंडळी ऐकून घेत होती, पण तोंडावर ‘हे म्हातारं पाचोळ्यासाठी रडतंय’ असं स्पष्ट दिसत होतं. मग एक आजीबाई बोलल्या. त्यांना स्प्रिंगटेलशी काही देणंघेणं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘आमी राबाला बाहेरचा पातेरा वेचून मेलो, ह्यातलं एक पान उचललं नाय, आन्‌ तुमी फुकाट जाळताय?’ माझ्या सगळ्या चित्रांपेक्षा ते जास्त लागू पडलं. देवळापुढची बसायची जागा आणि वाट एवढीच झाडायची, बाकी राईत झाडू न्यायचा नाही, महाप्रसादाची चूल हद्दीबाहेर मांडायची, असं तिथं ठरलं. ब्लॉक बसले होते ते बसलेच.

वेळ होत आली. अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडं बघितलं आहे. परवा रविवारी ज्यांना राई बघायला यायचं आहे त्यांनी सकाळी साडेसहाला भोर एसटी स्टँडवर यावं. राई कुठली ते तिथंच सांगेन, मोबाइलवरच्या गटात टाकणार नाही. पावसाळी बूट चालतील, चपला नकोत, पाचोळ्यात घोणसही असते. घरातली जुनी चाळणी, एक पांढरी चादर, आणि टोक काढलेली पेन्सिल आणा. बॉलपेन घरी ठेवा. प्रसादाचा नारळ मी आणतो.